खालच्या रांगेला सूर कोणी लावला

हे खरं घडलेलं आहे.

या पेजवर प्रत्येकजण सुरुवातीला हेच लिहितो, मला ठाऊक आहे. दोन वर्षं मी इथे नुसती वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदा बसले. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, पावणेतीनचा सुमार. बाहेर लख्ख ऊन. एका जुन्या, उंच छताच्या चर्चमध्ये मी बसले होते आणि माझं बोट एका पट्टीवर होतं.

आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचे हे चर्चमधले मोठे ऑर्गन दुरुस्त करतात आणि सुरात लावतात. ऑर्गन म्हणजे मांडी घालून वाजवायची पेटी नव्हे. हा भिंतभर असतो. पुढे वाजवणाऱ्याचं बाकडं आणि पट्ट्या, मागे खोलीएवढं लाकडी कपाट. कपाटात शेकडो नळ्या. काही करंगळीएवढ्या, काही दोन पुरुष उंच. मोटर हवा भरते. पट्टी दाबली की तिच्या नळीत हवा जाते आणि सूर निघतो.

सूर लावायला दोन माणसं लागतात. एक आत, नळ्यांमध्ये. एक बाहेर, पट्ट्यांवर. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आतला ओरडतो, "धर." बाहेरच्याने पट्टी दाबून धरायची. आतला नळी ठोकून, सरकवून सूर जुळवतो आणि ओरडतो, "सोड. पुढची."

बाहेरची ती मी. एकतीस वर्षं.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात यांचा मदतनीस काम सोडून गेला, म्हणून मी एका दिवसापुरती बसले, ती बसलेच. आमचं भांडण कसं होत नाही, असं बहीण विचारते. मी म्हणते, दिवसभर नवरा कपाटात असतो, भांडायचं कोणाशी?

एक गोष्ट मात्र आम्ही कोणालाच सांगितली नव्हती.

यांचे कान गेले होते. उजवा पूर्ण, आणि डावाही त्याच वाटेवर.

दोन सूर नीट जुळले नसतील तर त्यांच्यात एक लहर ऐकू येते. वाँव, वाँव, वाँव. जुळत आले की ती संथ होते आणि जुळले की थांबते. ती लहर यांना ऐकू येईनाशी झाली होती. मला यायची. म्हणून आम्ही एक खूण ठरवली. लहर शिल्लक असेल तर मी पट्टी पटकन दोनदा दाबायची. म्हणजे, अजून नाही. आत हाताखाली नळीची थरथर दोनदा तुटली की यांना कळायचं.

लोकांना वाटायचं सूर हे लावतात. आम्ही तसंच वाटू देत होतो.

तर त्या गुरुवारचं.

आम्हाला बोलावलं होतं तिथल्या ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीने. मुलगी म्हणजे पस्तिशीची असेल. तिचे मामा तिच्याआधी तिथे वाजवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर वर्षापूर्वी गेले होते आणि त्यांनी रचलेली एक रचना ती रविवारी सकाळी पहिल्यांदा वाजवणार होती.

तिने आम्हाला वही दाखवली. हाताने लिहिलेली, कोपरे मऊ पडलेली. वर लिहिलं होतं, 'एकट्या ऑर्गनसाठी'.

"बायबलात एक स्तोत्र आहे," ती म्हणाली. "एक माणूस खूप खोलातून देवाला हाक मारतो. दुसरं काही मागत नाही. फक्त म्हणतो, माझ्याकडे कान दे. मामा आठ वर्षं हे लिहीत होते. वाजवलं कधीच नाही."

"का बरं?" मी विचारलं.

"सुरुवात सगळ्यांत खालच्या रांगेवर आहे. ते म्हणायचे, ती रांग मनासारखी लागल्याशिवाय बोट लावणार नाही. आणि ती कधी लागलीच नाही, काकू. ते एकटे होते ना. पट्ट्या धरायला कोणी नसायचं. पट्टीवर पितळेचं वजन ठेवायचे, आत जायचे, बाहेर यायचे, वजन हलवायचे, परत आत. म्हातारा माणूस किती चढउतार करणार?"

ती तिच्या शिकवणीला निघून गेली. हे आत गेले. मी बाकड्यावर बसले.

पहिल्या दोन रांगा रोजच्यासारख्या झाल्या. मी सोळा-सतरा वेळा दोनदा पट्टी दाबली असेल. आतून यांचा वैतागलेला खोकला यायचा. स्वतःवरच वैतागायचे ते.

मग खालची रांग आली.

या रांगेच्या नळ्या लाकडी. चौकोनी, उभ्या पेट्यांसारख्या. वरच्या टोकाला घट्ट बूच, ते वर-खाली सरकवून सूर लावायचा. आवाज म्हणाल तर कानापेक्षा पोटात जास्त कळतो. बाकडं थरथरतं.

पहिली पट्टी धरली आणि बराच वेळ आतून काही आलं नाही.

मी धरून राहिले. आपलं काम तेच.

मग आतून...

"सोडा."

मी सोडली.

"पुढची धरा."

मला हसू आलं. हे मला एरवी 'अगं' करतात, पण चिडले की अहो-जाहोवर येतात. 'आपण चहा घेणार का' असं विचारलं की मी ओळखते, काहीतरी बिनसलंय. म्हटलं, चला, स्वारी रागावली.

मी धरली. लहर सुरू झाली. वाँव... वाँव... मग संथ झाली. मग अगदी संथ.

मग थांबली.

एकदम स्वच्छ. जसं कोणी खोलीतली धूळ बसवावी तसा सूर बसला.

"सोडा. पुढची."

दुसरीही तशीच. तिसरीही. मला खूण करायची वेळच येत नव्हती. मी बोट तयार ठेवायचे दोनदा दाबायला, आणि त्याच्या आधीच लहर विरून जायची.

तुम्हाला खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मला वाटलं, यांचा कान परत आला.

डॉक्टरांनी नाही सांगितलं होतं. पण माणूस आशा धरतो. मी तिथे बसून मनात म्हणत होते, बघा, आला की नाही, उगाच तीन वर्षं जीव टांगणीला लावला.

पाच-सहा पट्ट्यांनंतर क्रम बदलला.

"आता पुढची नको. डावीकडची काळी धरा."

धरली.

"सोडा. आता तिच्या खालची पांढरी. ...सोडा. पुन्हा काळी."

असं हे कधी करत नाहीत. एका टोकाने सुरू करायचं आणि दुसऱ्या टोकाला संपवायचं, ही यांची पद्धत. पण म्हटलं, आज रंगात आलेत, करू दे. काही पट्ट्या तीन-तीनदा धरायला लावल्या. काही खूप वेळ. एक तर इतका वेळ की माझं मनगट भरून आलं.

आवाज यांचाच वाटत होता. लाकडातून येणारा आवाज कोणाचाही सारखाच येतो, पोकळ.

फक्त खोकला ऐकू येत नव्हता.

पाऊलही नाही. आतल्या फळ्या कुरकुरतात नेहमी. त्या कुरकुरत नव्हत्या.

असा पाऊण तास गेला असेल.

मग माझ्या पाठीमागे चर्चचं मोठं दार वाजलं.

मी वळून बघितलं.

हे दारातून आत येत होते. हातात कागदी पिशवी. कपाळावर घाम.

"काय ऊन आहे," हे म्हणाले. "कातड्याची पट्टी चांगली मिळेना, तीन दुकानं पालथी घातली. आणि तू कोणासाठी धरून बसलीयस ते?"

माझं बोट पट्टीवर होतं. सूर वाजत होता.

"तुम्ही... तुम्ही कधी गेलात बाहेर?"

"अगं, सांगून गेलो की. कपाटाच्या बाजूच्या दारातून, तुझ्या पाठीमागून. पहिल्या नळीची हवा गळत होती, तिला कातडं लावायला हवं होतं. ओरडून सांगितलं तुला, येतो म्हणून. तू पट्टी धरली होतीस, ऐकू गेलं नसेल."

मी कपाटाकडे बघितलं.

आणि तेव्हा आतून... कपाटातून... शांतपणे...

"सोडा."

मी बोट उचललं. सूर थांबला.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि रुमालाने मान पुसली. यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. आधी हे हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. "उंदीर असेल," म्हणाले. "उंदीर मला अहो म्हणतो का?" मी म्हटलं.

मी नको-नको म्हणत असताना हे आत गेले.

दहा मिनिटांनी बाहेर आले. बाकड्याच्या कडेवर बसले.

"आतला दिवा मी जाताना बंद करून गेलो होतो," हे म्हणाले. "आताही बंदच होता. अंधार गुडुप असतो आत."

"आणि?"

"खालच्या रांगेच्या फळीवर वर्षाची धूळ आहे. पावलं आहेत ती माझीच, दारापासून पहिल्या नळीपर्यंत. पुढे धूळ जशीच्या तशी." हे थांबले. "पण नळ्यांची डोकी पुसलेली आहेत. खालची रांग, जवळजवळ निम्मी. बुचांवर धुळीचा कण नाही. हाताने धरून फिरवल्यासारखी."

यांनी सूर मोजायचं यंत्र काढलं, काम झाल्यावर पडताळायला असतं ते. मी एकेक पट्टी दाबली. काटा हलला नाही. एकतीस वर्षांत, कान चांगले होते तेव्हासुद्धा, यांनी असा सूर लावला नव्हता. हे त्यांनीच सांगितलं मला. खाली बघत सांगितलं.

तेवढ्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे तिथली झाडलोट बघणाऱ्या, चर्चच्या मागेच राहायच्या. आमचे चेहरे बघून त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

मी विचारलं, "मावशी, मास्तर लोकांशी कसे बोलायचे हो?"

"म्हणजे?"

"अरे-तुरे करायचे का?"

"छे. सगळ्यांना अहो-जाहो. शाळेतल्या पोरांनासुद्धा. आमच्या मांजरीला म्हणायचे, जरा बाजूला व्हा, मला बसायचंय." त्या हसल्या. मग हसू गेलं. "का विचारताय?"

मी सांगितलं.

मावशी बाकावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं.

मास्तर त्या कपाटातच वारले होते.

गुरुवारी दुपारी नेहमीसारखं वजन पट्टीवर ठेवून आत गेले. शिडीवरून पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. उठता येईना. बाहेर पट्टीवर वजन तसंच. खालच्या रांगेतला तो एकच, सगळ्यांत खालचा सूर वाजत राहिला. गुरुवारची दुपार, रात्र आणि शुक्रवारचा दिवस.

"मला ऐकू येत होता तो सूर," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, मास्तरांचं काम चाललंय. कंटाळा आला तो ऐकून. मी खिडक्या लावून घेतल्या."

शुक्रवारी संध्याकाळी भाची आली तेव्हा सापडले.

"ते हाका मारत असणार हो," मावशी म्हणाल्या. "पण त्या सुरात काय ऐकू जाणार?"

हे बाजूला उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणजे, ओठ बघत होते.

संध्याकाळी भाची परत आली. आम्ही तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? हे फक्त म्हणाले, "अर्धी रांग झालीय, वाजवून बघ."

ती बसली. वही उघडली. रचनेची सुरुवात वाजवू लागली.

एक सूर. मग त्याच्या पुढचा. असे पाच-सहा ओळीने, हळूहळू वर चढणारे. मग डावीकडची काळी. तिच्या खालची पांढरी. पुन्हा काळी...



मी दुपारी पाऊण तास हेच धरत होते. याच क्रमाने. एकेक करून मास्तरांनी माझ्या बोटांकडून स्वतःची रचना वाजवून घेतली होती.

ती वाजवत गेली आणि मला पुढची पट्टी आधीच माहीत होती. मग तो लांब सूर आला, माझं मनगट भरून आलं होतं तो. आणि त्यानंतर लवकरच एक असा सूर आला जो मी धरला नव्हता.

तो बेसूर होता.

भाची थांबली. वहीकडे बघून म्हणाली, "इथपर्यंत काय सुंदर लागलंय. हे पुढचंही उद्या होईल ना, काकू?"

रात्री घरी हे म्हणाले, "उरलेली मी लावतो. तू फक्त खूण कर. नेहमीसारखं."

"तुम्ही त्या कपाटात जायचं नाही," मी म्हटलं.

"मग काम अर्धं टाकायचं? त्या मुलीला काय सांगायचं? आणि सांगितलं तर लोक विचारणार, का टाकलं. मग कानाचं निघणार."

ते खरं होतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. दीड दिवस एक माणूस आतून ओरडत होता आणि कोणी ऐकलं नाही. आणि आता मला ऐकू येत होतं. उभ्या गावात मलाच.

भीती वाटत होती, नाही असं नाही. पण मी यांना म्हटलं, "उद्या तुम्ही माझ्याशेजारी उभे राहायचं. आत कोणीच जायचं नाही."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी पुन्हा बाकड्यावर बसले. खिडक्यांतून ऊन जमिनीवर पडलं होतं. हे माझ्या उजव्या हाताला, कपाटाला टेकून.

काहीच नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं.

मोटरची घरघर फक्त.

मला वाटलं, आपण दोघं वेडे आहोत. मग मी कपाटाकडे तोंड करून, आपण दाराबाहेरच्या माणसाशी बोलतो तसं म्हटलं, "मी आहे. सांगा."

शांतता.

मग...

"धरा."

मला सांगावं लागलं नाही. यांनी माझ्या हाताकडे बघितलं, आणि स्वतःचा तळहात कपाटाच्या लाकडावर ठेवला.

"काय म्हणतात?" यांनी हळूच विचारलं.

"धरा म्हणाले."

मी धरत गेले, सोडत गेले. लहर उठायची, संथ व्हायची, थांबायची. हे मध्येच म्हणाले, "चालतंय कोणीतरी. फळीवरून. एक पाय ओढत." त्यांना कानाने काही कळत नव्हतं, हाताला कळत होतं. मला ते चालणं ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं मिळून एक माणूस ऐकत होतो.

तासभर चाललं. यांनी हात काढला नाही. घाम त्यांच्या कानशिलावरून ओघळत होता.

शेवटी सगळ्यांत खालची पट्टी आली. बाकडं थरथरायला लागलं. लहर थांबली. सूर बसला.

मी 'सोडा'ची वाट बघत राहिले.

आलं नाही.

एक मिनिट. दोन. पाच. सोडू की नको? आपणहून सोडायची हिंमत होईना. या सुरातच त्यांचा दीड दिवस गेला होता. हे डोळ्यांनी विचारत होते, काय झालं.

आणि आवाज आला. आत्तापर्यंत कपाटाच्या मधून येत होता. आता अगदी जवळून. लाकडाच्या या बाजूला लागून.

"दमलात का?"

माझ्या तोंडून आपोआप गेलं, "नाही."

पुन्हा खूप वेळ काही नाही. मग...

"सोडा."

मी सोडली. यांनी तळहात काढला. त्यावर लाकडाच्या रेघा उमटल्या होत्या. "थांबलं," हे म्हणाले. आम्ही हत्यारं गोळा केली आणि घरी आलो.

रविवारी आम्ही जाणार नव्हतो. पण भाचीने दोनदा फोन केला. न जाणं बरं दिसेना.

चर्च गच्च भरलं होतं. मागे भिंतीला टेकून लोक उभे होते. आम्हाला कशीबशी मधल्या बाकावर जागा मिळाली. तिथून ऑर्गनचं कपाट आणि त्याच्या बाजूचं छोटं दार सरळ दिसत होतं. आत जायचं दार तेच. बाहेरून कडी.

भाची वाजवू लागली.

मला संगीतातलं फार कळत नाही. मला सूर कळतो, गाणं नाही. पण तिने तो पहिला खालचा सूर लावला आणि सगळं चर्च गप्प झालं. खोकणारे थांबले. खोलातून कोणीतरी हाक मारतंय, थांबतंय, पुन्हा मारतंय. दुसरं काही नाही. माझ्या पुढची एक बाई रडायला लागली. यांनी बाकाच्या लाकडावर हात ठेवला होता, त्यांनी तसंच ऐकलं.

रचना अर्ध्यावर आली असेल.

मावशी उठल्या.

त्या कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. उठल्या आणि भिंतीच्या कडेने चालत कपाटाच्या छोट्या दारापाशी गेल्या. मला वाटलं, काहीतरी आवरायचं असेल. त्यांनी कडी काढली. दार उघडलं. आणि दार हाताने धरून तशाच उभ्या राहिल्या.

आत अंधार.

कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे डोळे मिटून किंवा भाचीकडे बघत.

माझे डोळे दारावरून हलेनात.

रचना संपत आली. तो शेवटचा, सगळ्यांत खालचा सूर लागला. मावशींनी आत बघितलं. मग एक पाऊल मागे सरकल्या, आपण कोणाला वाट देतो ना, तशा. त्यांचे ओठ हलले. नंतर त्यांनीच मला सांगितलं काय म्हणाल्या ते. "जपून, पायरी आहे."

दारातून कोणी बाहेर आलं नाही. मी शपथेवर सांगते, कोणी आलं नाही. पण मावशींची नजर दारापासून हळूहळू वळत गेली. कोणीतरी समोरून चालत जाताना आपण बघतो, तशी.

सूर थांबला. लोक उभे राहिले. टाळ्या.

सगळे पांगल्यावर मी मावशींना गाठलं. त्या मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. चेहरा शांत होता. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखा.

"मावशी, दार का उघडलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"त्या गुरुवारी मी झाडायला गेले होते," त्या म्हणाल्या. "ते दार नुसतं लोटलेलं दिसलं. सूर वाजत होता. मास्तर पट्ट्यांपाशी असतील असं वाटलं, मी वाकून बघितलंसुद्धा नाही. सवयीने कडी लावली आणि निघाले. कोणाला सांगितलं नाही मी आजपर्यंत. मुलगी आली तेव्हा कडी तिने काढली, तिला वाटलं मास्तरांनीच लावली असेल आधी कधीतरी. बाहेरची कडी आतल्या माणसाला कशी लावता येईल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही."

मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले.

"आज हाक ऐकू आली," त्या म्हणाल्या. "मावशी, दार उघडता का, म्हणून. उघडलं."

"मग? काही बोलले?"

"बोलले की. मी माफी मागत होते, तर म्हणाले, असू द्या." मावशींनी पदराने डोळे पुसले. "आणि तुमचं विचारलं."

"माझं?"

"हो. पट्ट्या धरणाऱ्या बाई कुठे बसल्यात, म्हणून."

ऊन होतं. ओट्यावर चांगलं ऊन होतं. तरी मला थंडी वाजली.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी दाखवलं," मावशी म्हणाल्या.

आम्ही घरी निघालो. गाडीत मला एकच गोष्ट आठवत होती. चर्च इतकं भरलेलं होतं. मागे लोक तासभर उभे होते, म्हातारी माणसंसुद्धा. आमच्या बाकावर उजवीकडे हे, त्यांच्या पलीकडे चौघं दाटीवाटीने. आणि माझ्या डावीकडची जागा रिकामी होती. एका माणसापुरती. कोणी येऊन बसलं नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही.

याला आता पाच आठवडे झाले. यांच्या कानाचं आम्ही अखेर जवळच्या लोकांना सांगून टाकलं, त्याने काही आभाळ कोसळलं नाही. परवा एका नव्या कामासाठी फोन आला. हे म्हणाले, तू पट्ट्या धरशील तरच घेतो. मी म्हटलं, कळवते.

अजून कळवलेलं नाही.

कारण त्या बाकावरून मी उठले तेव्हा एकटीच उठले का, हे मला खात्रीने सांगता येत नाही.